उमेदवार दारात आला की काय विचारायचं?

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांगांची नोंद झाली. राज्यात विधानसभेचे मतदारसंघ २८८. साधा भागाकार केला तरी एका मतदारसंघाच्या वाट्याला दहा हजारांहून अधिक दिव्यांग येतात. त्यात लहान मुलंही आली, हे खरं. पण प्रत्येकाच्या घरात आई-वडील, भावंडं, नवरा किंवा बायको अशी आणखी दोन-चार मतं असतात. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मालेगाव मध्यची जागा १६२ मतांनी ठरली, साकोलीची २०८ मतांनी. दहा हजार घरांनी एकच प्रश्न एका सुरात विचारला, तर त्याकडे कानाडोळा करणं कुठल्याही उमेदवाराला परवडणारं नाही.

तसा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. निवडणूक जवळ आली की साहित्यवाटपाची शिबिरं होतात, तीनचाकी सायकली दिल्या जातात, हारतुरे होतात, फोटो छापून येतात. ज्याला सायकल मिळाली त्याला तिचा उपयोग होतो, यात वाद नाही. पण त्या सायकलवरून तो सरकारी कार्यालयापर्यंत गेला आणि त्याच्या कामाचं टेबल पहिल्या मजल्यावर निघालं, तर काम पायऱ्यांशीच अडतं. २०२३ मध्ये मुंबईतल्या खार इथल्या विवाह नोंदणी कार्यालयात व्हीलचेअर वापरणाऱ्या एका वधूला तिच्या लग्नाच्या दिवशी लोकांनी उचलून दोन मजले वर नेलं. बातमी गाजली, सरकारने दिलगिरी व्यक्त केली. असे प्रसंग दिलगिरीने थांबत नाहीत. कार्यालय तळमजल्यावर आणायला निर्णय लागतो, निर्णयाला पैसा लागतो आणि दोन्हींसाठी लोकप्रतिनिधीची मान्यता लागते. ती मान्यता मिळवण्याची सर्वांत चांगली वेळ म्हणजे निवडणुकीआधीचे दोन-तीन महिने.

मागणी मेहेरबानीची नाही

उमेदवारापुढे उभं राहताना आपण कशाच्या जोरावर बोलतो आहोत हे पक्कं माहीत असावं. भारताने दिव्यांगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केला. त्या करारानुसार संसदेने २०१६ मध्ये दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा केला आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, नव्या कायद्यात ते २१ झाले. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन असलेल्या आणि ॲसिड हल्ल्याला बळी पडलेल्या कितीतरी व्यक्ती कायद्याच्या कक्षेत आल्या. विदर्भातल्या आणि आदिवासी पट्ट्यातल्या सिकलसेलग्रस्त कुटुंबांच्या दृष्टीने हा बदल फार मोठा आहे, पण तो त्यांच्यापैकी अनेकांपर्यंत अजून पोहोचलेला नाही.

या कायद्याची काही कलमं प्रत्येक कार्यकर्त्याच्या वहीत असायला हवीत. सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण, उच्च शिक्षणात ५ टक्के, घरकुलं आणि शेतजमिनीच्या वाटपात ५ टक्के, गरिबी निर्मूलनाच्या योजनांत ५ टक्के. या शेवटच्या दोन्हींत दिव्यांग स्त्रियांना प्राधान्य आहे. लक्षणीय (म्हणजे ४० टक्के किंवा अधिक) दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. कलम ११ नुसार प्रत्येक मतदान केंद्र सुगम असलं पाहिजे आणि निवडणुकीसंबंधीचं सर्व साहित्य दिव्यांगांना समजेल अशा स्वरूपात मिळालं पाहिजे. कलम ४४ सांगतं की सुगमतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीच्या आराखड्याला परवानगी देऊ नये आणि अशी इमारत बांधून झालीच तर तिला पूर्णत्वाचा दाखला देऊ नये. कलम ४५ प्रमाणे आधीपासून असलेल्या सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सुगम व्हायला हव्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ही मुदत जून २०२२ मध्येच संपली. आपल्या गावातली शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, तलाठी कार्यालय, पोस्ट आणि बँक डोळ्यांपुढे आणली की मुदतीचं काय झालं हे वेगळं सांगावं लागत नाही.

कायदा आहे, मग उमेदवाराकडे जायचंच कशाला, असं अनेकांना वाटतं. याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात आहे. राजीव रतुडी यांच्या याचिकेवर निर्णय देताना न्यायालयाने म्हटलं की सुगमतेविषयीचा नियम १५ शिफारशींच्या स्वरूपाचा आहे आणि मूळ कायद्याला तर बंधनकारक निकष अपेक्षित आहेत. न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे निकष तयार करायला केंद्र सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली. कायदा झाल्यावर आठ वर्षांनी ही वेळ आली. नियम, उपविधी, अंदाजपत्रकातली तरतूद आणि देखरेख हे सगळं निवडून आलेल्या माणसांच्या हातून होतं. ती माणसं निवडण्याचा अधिकार आपला आहे, म्हणून प्रश्नही आपणच विचारायचा.

दबाव आणला की काय होतं याचे दाखले आपल्याच देशात आहेत. डिसेंबर १९९५ मध्ये दिव्यांग हक्क चळवळीतले कार्यकर्ते जावेद आबिदी आणि त्यांचे सहकारी दिल्लीत रस्त्यावर उतरले. लोकसभेची निवडणूक काही महिन्यांवर होती. रखडलेलं विधेयक त्याच महिन्यात मंजूर झालं आणि देशाला दिव्यांगांसाठीचा पहिला सर्वंकष कायदा मिळाला. २००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर आबिदींच्या दिव्यांग हक्क गटाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि मतदान केंद्रांवर लाकडी रॅम्प लावण्याचे आदेश मिळवले. आज मतदान यंत्रावरच्या बटणांशेजारी ब्रेलमधले आकडे असतात, तेही याच लढ्याचं फळ आहे.

ज्याच्या हातात जे आहे, तेच त्याला विचारा

मोठ्या सभेत नगरसेवकपदाच्या उमेदवाराला पेन्शन वाढवण्याबद्दल विचारलं आणि खासदारकीच्या उमेदवाराला फुटपाथबद्दल, तर दोघेही सहज होकार देतात, कारण ते काम त्यांचं नसतं. प्रश्न पदाच्या अधिकाराला धरून असावा.

ग्रामपंचायत, नगर परिषद आणि महापालिकेच्या उमेदवाराच्या हातात रोजचं जगणं असतं. फुटपाथ, बागा, दवाखाने, पालिकेच्या शाळा, सार्वजनिक शौचालयं, बांधकाम परवानग्या आणि शहर बससेवा. मुंबईत दुचाकी चढू नयेत म्हणून फुटपाथांच्या तोंडाशी खांब रोवले गेले. दोन खांबांमधली जागा इतकी अरुंद ठेवली की व्हीलचेअर आत जाईना. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. खांब बसवण्याआधी एका व्हीलचेअर वापरणाऱ्या नागरिकाला बोलावून विचारलं असतं, तर न्यायालयापर्यंत जाण्याची वेळ आली नसती. म्हणून प्रभागातल्या उमेदवाराला विचारायचा प्रश्न असा: रस्ते आणि फुटपाथांची कामं मंजूर करण्यापूर्वी आराखडा दिव्यांगांना दाखवून त्यांची मतं घ्याल का?

आमदारकीच्या उमेदवाराकडे राज्याचे विषय येतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना महिना १,५०० रुपये मिळत होते. सततच्या आंदोलनांनंतर २०२५ मध्ये ही रक्कम २,५०० रुपये करण्याचा निर्णय झाला. पण रक्कम वाढणं आणि ती वेळेवर खात्यात येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. औषधावर जगणाऱ्या माणसाला दोन महिन्यांचा उशीरही परवडत नाही. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग जाहीर केला. या विभागाची जिल्हा आणि तालुका पातळीवरची रिकामी पदं, विशेष शाळांमधले शिक्षक, जिल्हा रुग्णालयातले दिव्यांगत्व तपासणीचे दिवस, एसटीच्या गाड्यांच्या उंच पायऱ्या, हे सगळे प्रश्न विधानसभेत तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी म्हणून येऊ शकतात. एसटीत दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. पण गाडीत चढताच येत नसेल, तर सवलतीचं काय करायचं?

खासदारकीच्या उमेदवाराला केंद्राची जबाबदारी विचारावी. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये आहे आणि २०१२ पासून तो तेवढाच आहे. तोही दारिद्र्यरेषेखालच्या आणि ८० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांनाच. त्या ३०० रुपयांत २०१२ साली काय येत होतं आणि आज काय येतं, हे बाजारहाट करणाऱ्या कुणालाही कळतं. दुसरा विषय संविधानाचा. कलम १५ धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला मनाई करतं. त्या यादीत दिव्यांगत्व नाही. ते तिथे यावं ही दिव्यांग संघटनांची जुनी मागणी आहे आणि अशी दुरुस्ती करणं संसदेच्याच हातात आहे.

गावाच्या उत्पन्नातले पाच टक्के

स्थानिक निवडणुकीसाठी सर्वांत नेमका आणि सर्वांत कमी वापरला जाणारा मुद्दा म्हणजे पाच टक्के निधी. राज्य सरकारच्या आदेशांनुसार ग्रामपंचायतींपासून महापालिकांपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने आपल्या स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांग कल्याणासाठी राखून ठेवायचे असतात. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होतं. स्वउत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार फी, गाळ्यांचं भाडं असा संस्थेने स्वतः जमवलेला पैसा.

एखाद्या ग्रामपंचायतीचं स्वउत्पन्न वर्षाला १० लाख असेल, तर दिव्यांगांचा वाटा ५० हजार होतो. आता गावाचं दप्तर उघडलं की काय दिसू शकतं ते पाहू. घरपट्टीची वसुली मार्चपर्यंत रेंगाळते, म्हणून एप्रिल ते फेब्रुवारी या निधीला हात लागत नाही. मार्चअखेर जवळ आला की घाईने यादी होते आणि प्रत्येकाच्या खात्यात सारखी रक्कम टाकून विषय संपवला जातो. गावात दहा दिव्यांग असतील तर प्रत्येकी पाच हजार. ज्याला श्रवणयंत्राची बॅटरी हवी त्याला तेवढेच, जिच्या घरातल्या संडासाला कठडा हवा तिलाही तेवढेच आणि ज्या मुलाला फिजिओथेरपीसाठी दर आठवड्याला तालुक्याला न्यावं लागतं त्यालाही तेवढेच. ग्रामपंचायतीच्या कार्यालयापुढचा रॅम्प याही वर्षी राहून जातो. काही ठिकाणी तर निधी खर्चच पडत नाही.

उमेदवार दारात येण्यापूर्वी माहिती अधिकाराचा एक अर्ज टाकावा. फी दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. म्हणून अर्ज निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर होण्याची वाट न पाहता करायचा. अर्जात चारच गोष्टी मागायच्या: गेल्या तीन वर्षांचं स्वउत्पन्न, त्यातल्या पाच टक्क्यांची रक्कम, प्रत्यक्ष झालेला खर्च आणि तो कशावर झाला याचा तपशील. हा कागद हातात असला की प्रश्नाचं वजन बदलतं.

“दिव्यांगांसाठी तुम्ही काय करणार?” असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: “सगळं करू. निवडून आलो की पहिलं काम तुमचंच.” तोच प्रश्न असा विचारून पाहा: “दादा, आपल्या पंचायतीचे पाच टक्के गेल्या तीन वर्षांत दीड लाख झाले. खर्च पडला नव्वद हजार. उरलेले साठ हजार कुठे आहेत हे पहिल्या ग्रामसभेत सांगाल का? आणि पुढच्या वर्षीचा आराखडा आम्हाला बोलावून कराल का?” इथे उमेदवाराला होय किंवा नाही म्हणावंच लागतं. जे उत्तर मिळेल ते चारचौघांत मिळतं आणि लक्षात राहतं.

रॅम्प म्हणजे नुसता उतार नव्हे

“रॅम्प करून देऊ” हे आश्वासन उमेदवार सर्वांत लवकर देतात. म्हणून रॅम्पचा हिशेब माहीत असणं गरजेचं आहे. मान्य प्रमाण आहे १ ला १२, म्हणजे एक फूट उंची गाठायला बारा फूट लांबी. गावातल्या शाळेचा ओटा सहसा तीन पायऱ्यांचा असतो. प्रत्येक पायरी १५ सेंटिमीटरची धरली, तर उंची ४५ सेंटिमीटर होते आणि रॅम्प ५.४ मीटर लांब, म्हणजे जवळजवळ अठरा फूट लागतो. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी पायऱ्यांच्याच कडेला चार-पाच फुटांत सिमेंट ओतून उतार केलेला असतो. त्यावरून व्हीलचेअर वर चढवायला मागून दोन माणसं लागतात आणि उतरताना खुर्ची पुढे कलंडण्याची भीती असते. कुबड्या घेऊन चालणाऱ्याला तर पायऱ्या त्यापेक्षा बऱ्या वाटतात.

रॅम्पची रुंदी किमान १२० सेंटिमीटर हवी, दोन्ही बाजूंना कठडे हवेत आणि पृष्ठभाग घसरडा नको. वर पोहोचल्यावर दारापुढे व्हीलचेअर थांबवून वळवता येईल एवढी सपाट जागा हवी, दार ९० सेंटिमीटर मोकळं उघडायला हवं आणि उंबरठा नको. शौचालयात व्हीलचेअर पूर्ण फिरवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. मोजपट्टी घेऊन आपल्या मतदान केंद्राची मापं काढावीत, फोटो काढावेत आणि ते मागणीपत्राला जोडावेत. “केंद्र सुगम करा” या वाक्याला उमेदवार मान डोलावतो. “ओटा ४५ सेंटिमीटर, सध्याचा उतार दीड मीटर, हवा ५.४ मीटर” एवढं लिहिलं की इंजिनिअरला कामाचा अंदाज काढता येतो.

सुगमता व्हीलचेअरपुरती नसते, हेही उमेदवाराला सांगावं लागतं. कर्णबधिरांना रुग्णालयात आणि पोलीस ठाण्यात सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा असतो. अंध व्यक्तीला पालिकेचं संकेतस्थळ आणि पैसे भरण्याचं ॲप पडदावाचक सॉफ्टवेअरवर चालायला हवं. स्वमग्न मुलाच्या आईला जवळच्या साध्या शाळेत विशेष शिक्षक हवा. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला तालुक्याच्या ठिकाणी नियमित औषधं हवीत. एका प्रकारच्या दिव्यांगांनी स्वतःपुरती मागणी केली की उमेदवार एकाला हो म्हणतो आणि दुसऱ्याला विसरतो. म्हणून मागणीपत्र सर्वांचं मिळून एक असावं आणि त्यावर पालकांच्या आणि दिव्यांग स्त्रियांच्या सह्या आवर्जून असाव्यात.

मागणीपत्र, भेट आणि जाहीर सभा

मागणीपत्र एका पानाचं असावं. पाच मागण्या पुरेत. प्रत्येक मागणीत काम, ठिकाण, मुदत आणि पैसा कुठून येईल हे असावं. खाली उमेदवाराच्या सहीसाठी जागा सोडावी. तेच पत्र सर्व पक्षांच्या आणि अपक्ष उमेदवारांना द्यावं. एकालाच दिलं तर आपण त्याचे कार्यकर्ते ठरतो आणि बाकीच्यांना मोकळीक मिळते. कोणी सही केली आणि कोणी केली नाही हे मतदानाच्या आठवडाभर आधी स्थानिक वृत्तपत्राला आणि मोहल्ल्यातल्या व्हॉट्सॲप गटांना कळवावं. नावं घेऊन टीका करण्याची गरज नाही, नुसती यादी बोलकी असते.

शक्य असेल तिथे सर्व उमेदवारांना एका व्यासपीठावर बोलवावं. सभागृह तळमजल्यावरचं असावं, दुभाषी असावा आणि प्रश्न दिव्यांगांनी स्वतः विचारावेत. ज्यांना बोलणं अवघड जातं त्यांनी लिहून किंवा खुणांनी विचारावेत आणि त्यांचा प्रश्न पूर्ण होईपर्यंत सभेने थांबावं. “आमच्याशिवाय आमच्याबद्दल काहीही नको” ही जगभरच्या दिव्यांग चळवळीची घोषणा आहे आणि तिची सुरुवात अशा सभेपासून होते.

एक पथ्य पाळायला हवं. आचारसंहिता लागल्यावर वस्तू मागू नयेत. मतदारांना सायकली, यंत्रं किंवा रोख रक्कम वाटणं ही लाच ठरते आणि ती घेणाऱ्याचाही प्रश्न विचारण्याचा हक्क दुबळा होतो. मागायचं ते धोरण, तरतूद आणि हिशेब.

प्रचाराच्या भाषेबद्दलही सांगावं. डिसेंबर २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने सर्व पक्षांना सूचना दिल्या की भाषणांत आणि प्रचारसाहित्यात दिव्यांगत्वाचे शब्द अपमानासाठी वापरू नयेत. विरोधकाला आंधळा, बहिरा, लंगडा, वेडा म्हणून टाळ्या मिळवण्याची सवय आपल्या सभांना आहे. त्या सभेत बसलेल्या अंध मुलीला त्या टाळ्यांचा अर्थ नीट कळतो. आयोगाने पक्षांना आपली संकेतस्थळं आणि प्रचारसाहित्य दिव्यांगांसाठी सुगम करण्याचंही सुचवलं आहे. उमेदवाराला विचारा: तुमचा जाहीरनामा ध्वनिमुद्रित स्वरूपात आहे का? सभेत सांकेतिक भाषेचा दुभाषी असेल का? जो प्रचारात ही तसदी घेत नाही, तो निवडून आल्यावर घेईल अशी आशा फारशी धरता येत नाही.

मतदार यादीत आपली खूण हवी

आता पुन्हा आकड्यांकडे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या मतदार यादीत दिव्यांग म्हणून नोंद असलेले मतदार साधारण ६ लाख ४० हजार होते. जनगणनेतले दिव्यांग २९ लाख ६३ हजार, त्यातली मुलं वजा केली तरी ही तफावत फार मोठी आहे. शिवाय जनगणनेचा आकडा २१ प्रकारांचा कायदा येण्यापूर्वीचा आहे; तेव्हा आठच प्रकार विचारले गेले होते. म्हणजे मतदार यादी पाहणाऱ्या उमेदवाराला आपल्या मतदारसंघात सरासरी २,२०० दिव्यांग दिसतात, राहतात मात्र दहा हजारांहून अधिक. जे यादीत दिसत नाहीत त्यांच्यासाठी व्हीलचेअर, स्वयंसेवक आणि रॅम्प यांचं नियोजन होत नाही आणि त्यांच्या प्रश्नांचं वजनही कमी धरलं जातं.

यावर उपाय सोपा आहे. मतदार यादीत दिव्यांग म्हणून नोंद करण्यासाठी नमुना क्रमांक ८ भरायचा. तो ऑनलाइन भरता येतो किंवा मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे देता येतो. निवडणूक आयोगाच्या ‘सक्षम’ ॲपवरूनही नोंद करता येते आणि व्हीलचेअरची मागणी नोंदवता येते. लोकसभा आणि विधानसभा निवडणुकीत ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना घरून टपाली मतदान करता येतं. त्यासाठी नमुना १२-डी अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. ही मुदत इतकी छोटी आहे की प्रमाणपत्राची प्रत आधीच काढून ठेवलेली बरी. केंद्रावर जाणाऱ्या अंध मतदाराला ब्रेलच्या मदतीने स्वतः मत देता येतं किंवा १८ वर्षांवरचा सोबती नेता येतो. त्या सोबत्याला त्या दिवशी दुसऱ्या कुणाचा सोबती होता येत नाही.

बौद्धिक दिव्यांगत्व किंवा मानसिक आजार असलेल्या माणसाला मत देता येत नाही, असा समज घराघरांत आहे. तो चुकीचा आहे. सक्षम न्यायालयाने मनोविकल म्हणून घोषित केलेली व्यक्तीच मतदार यादीतून वगळता येते. डॉक्टरचं प्रमाणपत्र किंवा घरच्यांचं मत यांमुळे कुणाचा मताधिकार जात नाही. अशा मुला-मुलींची अठराव्या वर्षी नोंदणी करणं हे पालकांचं काम आहे.

मत मागणाऱ्यांच्या रांगेत दिव्यांगही हवेत

साधन गुप्ता हे भारतातले पहिले अंध खासदार. १९५३ च्या पोटनिवडणुकीत कोलकात्यातून ते लोकसभेवर गेले आणि पुढे पश्चिम बंगालचे महाधिवक्ता झाले. पोलिओ झालेले जयपाल रेड्डी अनेक वर्षं केंद्रात मंत्री होते. अशी नावं थोडी आहेत, कारण पक्ष दिव्यांग कार्यकर्त्याला सत्कारासाठी बोलावतात, उमेदवारीसाठी नाही. तामिळनाडूने २०२५ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून स्थानिक संस्थांवर दिव्यांग सदस्य नेमण्याची तरतूद केली. त्यामुळे एकट्या ग्रामपंचायतींमध्येच सुमारे १३ हजार दिव्यांगांना जागा मिळू शकतात. महाराष्ट्रात अशी तरतूद कराल का, हा प्रश्न विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला विचारण्यासारखा आहे. तोवर पक्षांच्या तालुकाध्यक्षांना एवढं तरी विचारू या: तुमच्या कार्यकारिणीत दिव्यांग किती आहेत आणि त्यांतल्या कितींना या वेळी तिकीट देणार?

निकालानंतर पहिलं अंदाजपत्रक

आश्वासनाची परीक्षा गुलालाच्या दिवशी होत नाही, पहिल्या अंदाजपत्रकाच्या दिवशी होते. महापालिकांची अंदाजपत्रकं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये येतात, राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये आणि नवं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. सही केलेलं मागणीपत्र घेऊन डिसेंबरमध्येच लोकप्रतिनिधीकडे जावं आणि प्रत्येक मागणी कोणत्या लेखाशीर्षाखाली येणार ते विचारावं. ग्रामसभेत विषयपत्रिकेवर दिव्यांग निधीचा विषय घ्यायला लावावा आणि तो इतिवृत्तात लिहिला गेला की नाही ते पाहावं. काम होत नसेल तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार करता येते. कायद्याचा भंग करणाऱ्याला पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत आणि पुढे ५० हजार ते ५ लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

हे काम फक्त दिव्यांगांनी करायचं नाही. अपघात, आजारपण आणि म्हातारपण कुणालाही चुकलेलं नाही. आज जो रॅम्प शेजाऱ्यासाठी मागाल, तो उद्या आपल्या आई-वडिलांना लागणार आहे. तुमच्या भागात पुढची निवडणूक कोणतीही असो, या आठवड्यात दोन गोष्टी करा. घरातल्या किंवा शेजारच्या दिव्यांग मतदाराचा नमुना ८ भरून द्या आणि आपल्या ग्रामपंचायतीच्या किंवा पालिकेच्या पाच टक्के निधीचा हिशेब मागणारा अर्ज टाका. उमेदवार दारात येईल तेव्हा हात जोडण्याआधी तो कागद त्याच्यापुढे ठेवा.